एकशे बत्तीस बरण्या

क-१७ या बाटलीवरच्या लेबलाचा उजवा वरचा कोपरा तीन मिलिमीटर सुटला होता. मागच्या दिवाळीत तो दोन मिलिमीटर होता. दोन्ही वेळा मी पट्टी लावून मोजलं, आणि दोन्ही वेळा गोंद हाताशी असूनही कोपरा चिकटवला नाही.

बाटलीत माती होती. कडेगावजवळच्या एका शेतातली, वरच्या पंधरा सेंटिमीटरच्या थरातली. अशा एकशे बत्तीस बाटल्या माझ्या खोलीत होत्या. चव्वेचाळीस ठिकाणं, प्रत्येक ठिकाणचे तीन थर. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, पाणी गरजेपेक्षा जास्त झालं आणि जमिनीतले क्षार वर येऊन शेतं पांढरी पडली. ती कशी आणि किती वेगानं पडली, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. नोंदणी केली तेव्हा माझी मुलगी अंकिता पाच वर्षांची होती. आता ती अकरावीला आहे.

पहिल्या साठ बाटल्या एकसारख्या होत्या. मग पैसे आणि उत्साह दोन्ही कमी पडले, आणि पुढची माती मिळेल त्यात भरली गेली, लोणच्याच्या बरण्यांत, च्यवनप्राशच्या डब्यांत, एक तर अंकिताच्या जुन्या वॉटरबॅगमध्ये. त्या सगळ्या खिडकीखाली, कपाटावर, टेबलाखाली पसरलेल्या. त्यांच्यात कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वह्या, बंद पडलेला प्रिंटर, द्रव मोजायचा काचेचा फुटका ब्युरेट. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मुलांना पहिल्या तासाला सांगते, की लेबल नसलेली बाटली म्हणजे कचरा. आणि घरातल्या माझ्या ऑफिसच्या खोलीत मात्र खुर्चीपर्यंत पोचायला तिरकं चालावं लागायचं.

टेबलाच्या वरच्या खणात एक फाइल होती. तिच्यात विद्यापीठाचं पत्र, आणि पत्राबरोबर आलेले दोन अर्ज. एक शेवटच्या मुदतवाढीचा, दुसरा नोंदणी रद्द करण्याचा. दोन्हींपैकी एक सोमवारी पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. पत्र येऊन चार महिने झाले होते. मी दोन्ही अर्जांवर माझं नाव लिहून ठेवलं होतं, सही एकावरही केली नव्हती.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी माझी धाकटी बहीण श्रद्धा साताऱ्याहून आली. मी बोलावलं नव्हतं. विश्वजितनं, माझ्या नवऱ्यानं, मला न विचारता तिला फोन केला होता.

"अगं, लोक तिची महिनामहिना वाट बघतात," तो म्हणाला. "आपल्याला घरबसल्या मिळतेय. तुझी सोमवारची तारीख आहे ना? खोली मोकळी झाली की डोकं पण मोकळं होईल."

श्रद्धा घरं आवरून देते. म्हणजे तो तिचा व्यवसाय आहे. घरून काम करणाऱ्या लोकांच्या खोल्या, वकिलांची, डॉक्टरांची घरातली ऑफिसं. दोन दिवस जाते, आणि तिथून निघते तेव्हा म्हणे त्या माणसाला आपलीच खोली ओळखू येत नाही. साताऱ्यात सुरू केलं, आता पुण्याहून बोलावणी येतात. मोबाइलवर तिचे व्हिडिओ अठ्ठावीस हजार लोक बघतात. हा आकडा मला कसा माहीत, असं विचारलं तर उत्तर साधं आहे. मी दर रविवारी बघायचे.

ही तीच श्रद्धा, जिनं पाचवीत एका वर्षात तीन कंपास हरवले. जिचं दप्तर रात्री मी भरून द्यायचे. दप्तराच्या तळाशी चिंचेचे आकोडे आणि कुणाकुणाच्या वह्या निघायच्या. दुसऱ्या वर्षाला बी.एस्सी. सोडली. बँकेतली नोकरी सोडली. साखरपुडा झाल्यावर आठव्या दिवशी लग्न मोडलं. घरात तिच्यासाठी एक शब्द होता, धरसोड. तो सगळ्यात जास्त वेळा मी वापरला असेन. तिच्यात आणि माझ्यात सहा वर्षांचं अंतर आहे, आणि त्या सहाही वर्षांत मी नीटनेटकी होते. आता नीटनेटकेपणाचे पैसे तिला मिळत होते.

आणि बाबांचं टेबल तिच्याकडे गेलं होतं.

बाबा, म्हणजे गोपाळकृष्ण मास्तर, साताऱ्यात चौतीस वर्षं गणित शिकवत होते. त्यांचं सागवानी टेबल, डाव्या खणाला पितळी कुलूप असलेलं, ते माझ्याकडे येणार हे मी लहानपणापासून धरून चालले होते. कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण त्या टेबलाशी बसून अभ्यास मी करायचे, श्रद्धा टेबलाखाली मांजर घेऊन बसायची. गेल्या वर्षी बाबांनी ते तिला देऊन टाकलं. मी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझ्याकडे जागा कुठं आहे पद्मा?" आवाजात काहीही नव्हतं. ते फक्त एक माप सांगत होते.

श्रद्धा आली ती एक सॅक आणि एक पिशवी घेऊन. अंकिता धावत गेली आणि मावशीच्या गळ्यात पडली. माझ्या गळ्यात ती शेवटची कधी पडली, ते आठवायला मला थोडा वेळ लागला असता, म्हणून मी आठवलं नाही.

"ताई, बारीक झालीस," श्रद्धा म्हणाली.

"मागच्या वेळेपेक्षा साडेतीनशे ग्रॅमनं जास्त आहे," मी म्हणाले.

विश्वजित हसला. "हिला काही म्हणायची सोय नाही. आकडा तोंडावर मारते."

शनिवारी सकाळी तिनं खोलीतलं सगळं बाहेर हॉलमध्ये आणायला लावलं. बाटल्या सोडून. मग सतरंजीवर बसली आणि पद्धत समजावून सांगितली. एक वस्तू हातात घ्यायची. तीनच उत्तरं. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. आणि उत्तर मोठ्यानं म्हणायचं.

"मोठ्यानं का?" अंकितानं विचारलं.

"मनात म्हटलेलं धरत नाही. मनात माणूस दोन्ही म्हणतो. तोंडानं एकच म्हणता येतं."

मला ते उथळ वाटलं. व्हिडिओत म्हणायला बरं. पण अंकितानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी माझी मुलं प्रयोगात रंग बदलला की परीक्षानळीकडे बघतात.

सुरुवात झाली. श्रद्धा वस्तू हातात देई, मी म्हणे. प्रिंटर. टाकायचं. २०१६च्या बॅचच्या वह्या. टाकायचं. ब्युरेट.

"ठेवायचं."

"ताई, फुटलाय."

"वरचा भाग चांगला आहे."

"वरच्या भागाचं काय करणार?"

विश्वजित दारातून म्हणाला, "फुलदाणी."

सगळे हसले. मी पण हसले, आणि ब्युरेट टाकायच्या ढिगात गेला. दुपारपर्यंत ढीग माझ्या कमरेएवढा झाला. ती दमत नव्हती. कुठल्याही वस्तूवर ती रागावत नव्हती, कुठल्याही वस्तूची तिला दया येत नव्हती. मी तिचे हात बघत होते. आमच्या आईचे हात, लांब बोटांचे. ती वस्तू उचलायची, दोन सेकंद धरायची, द्यायची. इतकं सोपं. मला ते हात आवडले नाहीत, आणि त्यांच्यावरून नजर काढता पण आली नाही.

मग फाइल आली. तिनं उघडली, दोन्ही अर्ज पाहिले, माझ्याकडे पाहिलं.

"ती नंतर," मी म्हणाले.

"नंतर असा ढीग नाही आपल्याकडे."

"श्रद्धा, मी म्हटलं ना, नंतर."

तिनं वाद घातला नाही. रिकाम्या झालेल्या टेबलाच्या बरोबर मध्यावर ती फाइल ठेवली. दुसरं काहीच नाही त्यावर. फाइल आधी खणात होती तेव्हा लहान होती. आता ती खोलीत शिरल्याबरोबर दिसायची.

संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, "बाटल्यांचं काय करू? डबे, वॉटरबॅग, काहीही आहे त्यात. एकसारख्या काचेच्या बरण्यांत भरून नीट लावू का? जागा निम्मी लागेल."

इथं मला बोलता आलं असतं. मातीचा नमुना एका भांड्यातून दुसऱ्यात घालताना काय काळजी घ्यायची हे मी झोपेतही सांगू शकते. मी म्हणाले, "बघ."

"बघ म्हणजे लावू?"

"तुझं काम आहे. तुला कळतं त्यातलं."

ती आणि विश्वजित गणपती पेठेत जाऊन बरण्या घेऊन आले. अकरा डझन. अकरा बारे एकशे बत्तीस. एकही जास्तीची नव्हती. मी आणल्या असत्या तर फुटतील म्हणून दहा जास्त आणल्या असत्या. तिनं माझ्या बाटल्या कधी मोजल्या, मला कळलंच नव्हतं.

रविवारी ती सहालाच खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. "मला एकटीला करू द्या. मध्ये कुणी बोललं की घोळ होतो," असं सगळ्यांना बजावून. अंकिता क्लासला गेली, विश्वजित बँकेच्या कागदपत्रांत बसला. मी पोहे केले, भांडी लावली, वर्तमानपत्र दोनदा वाचलं.

त्या वेळात मला लालासाहेबांची आठवण येत होती. क-१७ त्यांच्या शेतातली. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांच्या बांधावर गिरमिट घेऊन उभी होते. गिरमिट म्हणजे जमिनीत फिरवून थराथरानं माती वर काढायचं लोखंडी अवजार. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले होते, "आवं बाई, माती नेताय व्हय? न्या की. पीक तर काय येत न्हाई, निदान माती तरी कुनाच्या कामाला येऊ द्या." तीन वर्षांपूर्वी मी परत गेले, पुन्हा मोजायला. शेत ओळखूच आलं नाही. डोक्याच्या वर ऊस.

"तुमी बाटलीत नेली ती माती आता हितं न्हाई," लालासाहेब म्हणाले. "खाली पाईप घातल्यात. सगळं मीठ वढ्याला ग्येलं. लय झकास ऊस हाय बगा." मग जरा थांबून विचारलं, "तुमचं पुस्तक झालं का न्हाई?"

मी म्हणाले, होतंय.

घरी येऊन मी ठरवलं होतं, की आता जुनी माती आणि नवी माती यांची तुलना करायची, तोच खरा विषय. चांगला विषय आहे. आजही मी तो कुणालाही सुचवीन. पण त्या दिवसापासून मी एकही मोजमाप केलं नाही. फक्त लेबलाचा कोपरा मोजला.

साडेदहाला मी चहा विचारायला गेले. दार बोटभर उघडं होतं.

श्रद्धा पाठमोरी बसली होती, काचेच्या कपाटाकडे तोंड करून. शेजारी गरम पाण्याचं पातेलं. ती च्यवनप्राशचा डबा पातेल्यात कलता धरून लेबल भिजवत होती. लेबल सुटलं. मी लेबलं पेन्सिलीनं लिहिते, पाण्यात शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. त्यामुळे दारातूनही माझं अक्षर दिसत होतं. पातेल्यात ते एकच लेबल तरंगत होतं. बाकीची कुठं गेली असतील, असा प्रश्न मला पडायला हवा होता. माझी नजर कपाटावर गेली. भरलेल्या बरण्या तिनं फळीवर लावल्या होत्या. साठेक असतील. एकावरही लेबल नाही. आणि क्रम रंगाचा. डावीकडे क्षारांनी पांढुरकी पडलेली माती, मग राखाडी, मग तपकिरी, उजवीकडे काळी. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या थरांची माती, रंगावरून शेजारीशेजारी.

सुंदर दिसत होती. तेही लिहायला हवं.

अजून सत्तर बाटल्या शिल्लक होत्या. मी "श्रद्धा" एवढं म्हटलं असतं तर त्या वाचल्या असत्या. मी दारात किती वेळ उभी होते ते मोजलं नाही. मोजायची सवय असलेल्या बाईनं ते मोजलं नाही. मला वाटलं, चुकली. अखेर चुकली. आणि दुसरंही वाटलं, त्याच क्षणी. आता काही ठरवायला नको. पद्मानं सोडलं असं कुणी म्हणणार नाही. श्रद्धानं घालवलं म्हणतील.

मी स्वयंपाकघरात परत आले आणि चहाचं आधण ठेवलं. स्वतःपुरतं.

चार वाजता तिनं सगळ्यांना हाक मारली. खोलीत ऊन येत होतं. भिंतीएवढ्या कपाटात एकशे बत्तीस बरण्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. टेबल स्वच्छ, वर फक्त फाइल. फरशी पहिल्यांदाच पूर्ण दिसत होती.

"मावशी, एक नंबर!" अंकितानं मोबाइल काढला. "थांब, हलू नकोस, मी शूट करते."

"संग्रहालय वाटतंय," विश्वजित म्हणाला. "पद्मा, अगं बघ तरी. अकरा वर्षांत जे झालं नाही ते हिनं दोन दिवसांत केलं."

हे वाक्य त्यानं म्हटलं नसतं तर मी काही वेळ थांबले असते.

"छान आहे," मी म्हणाले. "फक्त आता ही माती उरली नाही."

"म्हणजे?"

"कुठली बरणी कुठल्या शेताची, कुठल्या थराची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. लेबलं काढलीत, क्रम मोडला. लेबल नसलेला नमुना म्हणजे कचरा. शोभेची वाळू ठेवतात तसं झालंय." माझा आवाज अगदी नीट होता. वर्गात असतो तसा. "असू दे. तिला कसं कळणार? दुसऱ्या वर्षाच्या पुढं ती गेलीच नाही."

अंकिताचा हात खाली आला. विश्वजितचा चेहरा उतरला. तो आधी माझ्याकडे, मग श्रद्धाकडे वळला.

"श्रद्धा, अगं तू विचारलं नाहीस? अकरा वर्षांचं काम आहे तिचं! उद्या अर्ज द्यायचाय!"

मला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. अंगात ऊब आली, थंडीत कुणी शाल टाकावी तशी. श्रद्धाच्या गळ्याशी लाल डाग उमटले, लहानपणी बाबा ओरडले की उमटायचे तसेच. अंकिता तिच्यापासून एक पाऊल मागं सरकली होती. ते पाऊल साधारण तीस सेंटिमीटरचं होतं, आणि ते मला हवं होतं.

श्रद्धा कपाटाशी गेली, एक बरणी काढली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं आणि ती माझ्या हातात दिली.

"उलटी कर."

मी उलटी केली. बरणीच्या बुडाला, पारदर्शक चिकटपट्टीखाली, माझं लेबल होतं. वाळवून, सपाट करून लावलेलं. नेमकी क-१७, थर १. तारीख. माझी सही. सुटलेला उजवा कोपरा पट्टीखाली चापून बसला होता.

"एका वेळी एकच काढत होते," ती म्हणाली. "एक डबा, एक लेबल, एक बरणी. ती संपली की पुढची. आणि आधी जशा होत्या तशा सगळ्यांचे फोटो आहेत, जागेसकट. तुला हव्या त्या क्रमानं पंधरा मिनिटांत लावून देते." मग जरा हसली, पण हसू नीट आलं नाही. "तुझं अक्षर मी टाकीन होय गं?"

विश्वजितनं दुसरी बरणी उलटी केली, मग तिसरी. "अरे, सगळ्यांना आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. "बुडाला! डोकं आहे हिला."

"बाबांचं," श्रद्धा म्हणाली.

ते खरं होतं. साताऱ्याच्या घरात प्रत्येक वस्तूच्या बुडाला बाबांच्या अक्षरात चिठ्ठी आहे. स्टूल, पाट, घड्याळ, कोयता, खलबत्ता. कधी आणलं, कुठून आणलं. लोक भांड्यावर नाव कोरून घेतात ते वर, चारचौघांना दिसेल असं. बाबा खालून लावायचे. म्हणायचे, "ज्याला हवं तो उलटून बघेल." मी ती घरातली व्यवस्थित मुलगी, आणि मला ते एकदाही आठवलं नव्हतं. टेबलाखाली बसणारीला आठवलं होतं. टेबलाचं बूड तिनंच तर पाहिलं होतं, सगळं लहानपण.

शाल कुणीतरी ओढून घेतल्यासारखं झालं. ती जेमतेम तीन मिनिटं माझ्या अंगावर होती.

विश्वजित चार वेळा "सॉरी गं श्रद्धा" म्हणाला आणि तिच्यासाठी भडंग आणतो म्हणून अंकिताला घेऊन हॉलमध्ये गेला. मग बाहेर टीव्ही लागला. क्रिकेट. आम्ही दोघी खोलीत उरलो. माझ्या हातात क-१७ अजून उलटीच होती.

श्रद्धा स्टुलावर बसली. "ताई, सकाळी तू दारात होतीस."

मी बरणीच्या बुडावरचं माझंच अक्षर वाचत राहिले.

"कपाटाच्या काचेत दिसत होतीस. मला वाटलं आता ओरडशील. अगं श्रद्धे, काय करतेस, म्हणशील. मग मी दाखवलं असतं." ती पाण्यानं सुरकुतलेल्या आपल्या बोटांकडे बघत होती. "तू गेलीस. मग चहाचा वास आला. मला वाटलं माझ्यासाठी टाकलास."

"एकच कप केला होता."

"ते कळलं नंतर."

बाहेर कुणीतरी चौकार मारला असावा. विश्वजित ओरडला.

"मला वाटलं तू चुकलीस," मी म्हणाले. "आणि मला तू चुकायला हवी होतीस."

"हं."

"बाबांचं टेबल तुला मिळालं म्हणून. अंकिता तुला चिकटते म्हणून. तू काहीही सोडतेस आणि तुझं काही बिघडत नाही म्हणून. बी.एस्सी. सोडलीस, बँक सोडलीस, तो साखरपुडा. मी म्हणायचे धरसोड. मला ते जमत नाही, श्रद्धा. धरलं की हात उघडतच नाही. अकरा वर्षं झाली."

साखरपुडा मोडला तेव्हा तीन महिने ती साताऱ्याच्या घरात झोपून होती. ते मला माहीत होतं, मी तेव्हा दोनदा जाऊन आले होते. काही बिघडत नाही, हे मी म्हणायला नको होतं.

"बिघडतं," ती शेवटी म्हणाली. "पण मी तोंडानं म्हणून टाकते, मग पुढचं बघता येतं. एवढंच. टेबल हवं असेल तर घेऊन जा. मी त्यावर कुकरच ठेवते सध्या."

"बाबांच्या टेबलावर?"

"खाली वर्तमानपत्र घालते गं."

मला हसू आलं. ते नको असताना आलं. ती पण हसली, आणि गळ्यावरचे डाग हळूहळू फिके झाले.

मग ती उठली, कपाटासमोर उभी राहिली. "या बरण्या? मोठ्यानं म्हण."

मी कपाटाकडे पाहिलं. नीट पाहिलं. लालासाहेबांच्या शेतात आता नसलेली माती तिथं होती. कुणीतरी ती पुन्हा मोजावी, नव्या मातीशी ताडून बघावी, कामाची गोष्ट आहे. लेबलं शाबूत होती. नमुने शाबूत होते. आता कुठलीच सबब उरली नव्हती, आणि ती नसताना मला स्वतःचं म्हणणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"द्यायच्या," मी म्हणाले. "कृषी महाविद्यालयात कुणी ना कुणी या विषयावर काम करत असेल. एकशे एकतीस. क-१७ ठेवायची."

"थर एक, दोन की तीन?"

"एक."

"दोन-तीन देऊन एक ठेवलीस तर संच मोडेल," ती म्हणाली. दुसऱ्या वर्षाच्या पुढं न गेलेली माझी बहीण.

"बरोबर आहे. मग एकशे बत्तीस. सगळ्या द्यायच्या."

तिनं माझ्या हातातली बरणी घेतली, सरळ केली आणि जागेवर ठेवली. मग टेबलाकडे वळली, फाइल उचलली, उघडली आणि दोन्ही अर्ज माझ्यासमोर धरले. एका हातात मुदतवाढ, दुसऱ्यात रद्द. दोन सेकंद, तीन, पाच. तिचे हात अजिबात हलत नव्हते.

माझ्या तोंडातून पहिल्यांदा नुसता श्वास आला.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली, आणि ते तिनं इतक्या हळू म्हटलं की तेच मला जेमतेम ऐकू आलं.

मी तिच्या उजव्या हातातला अर्ज घेतला. टेबलावर ठेवला. नावाखालची रिकामी रेघ सात सेंटिमीटरची होती, मला आधीपासून माहीत होतं. मी सही केली, तारीख घातली आणि दाराकडे तोंड केलं, म्हणजे हॉलमधल्या दोघांनाही ऐकू जाईल.

"टाकायची," मी म्हणाले. "पीएच.डी. मी करणार नाही."